विश्लेषण : पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांकडेच… मग दाद मागायची कोठे?

पोलीस ठाण्यात अरेरावीची वागणूक मिळाली, तक्रार नोंदवून घेतली नाही किंवा ‘चहापाण्याचे’ विचारले गेले, तर सामान्य माणसाने जायचे कोठे, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर नवा नाही. कागदावर यासाठी अर्धा डझन दरवाजे आहेत. पण त्यातल्या बहुतेक दरवाज्यांतून आत गेलेला अर्ज फिरून पोलीस खात्याकडेच येतो. चांगल्या कामाबद्दल पोलिसाला शाबासकी द्यायची तर तिचीही वाट जवळपास तीच आहे, फक्त ती फारशी कोणाला ठाऊक नाही. ही यंत्रणा नेमकी कशी चालते आणि ती अडते कोठे, याविषयी…

किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक गंभीर का?

पोलीस आणि नागरिक यांच्यातला विश्वास ही बाब एरवी भाषणात शोभणारी. रायगडच्या किनाऱ्याने मात्र तिची किंमत मोजली आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघी जेट्टीवर शस्त्रांचा साठा उतरवण्यात आला. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांच्या पथकाने अडवली होती. तेथे झडती घेऊन माल ताब्यात घेतला असता तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. प्रत्यक्षात सौदा झाला, चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या आणि वाहने सोडून देण्यात आली. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. विशेष टाडा न्यायालयाने या प्रकरणात श्रीवर्धनच्या तत्कालीन पोलीस उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. त्याच्यासोबतच्या पोलीस कर्मचाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस आणि सीमाशुल्क यंत्रणेच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले.

याच किनाऱ्यावर १८ ऑगस्ट २०२२ रोजी उलटे चित्र दिसले. हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट स्थानिक मच्छीमारांना आढळली, पोलिसांना कळवण्यात आले आणि बोटीत तीन एके-४७ रायफली सापडल्या. ती बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती आणि ओमानजवळ इंजिन बंद पडल्यानंतर भरकटत आली होती, हे नंतर स्पष्ट झाले. पण ते स्पष्ट होण्याआधी कुणीतरी पोलिसांना सांगावे लागते. ‘नसती कटकट कशाला’ असे वाटणारा मच्छीमार १०९३ हा सागरी सुरक्षेचा क्रमांक फिरवत नाही. ठाण्यात कशी वागणूक मिळते आणि वाईट वागणुकीची दखल घेतली जाते का, याचा संबंध असा थेट सुरक्षेशी येतो.

साध्या अर्जाचा प्रवास कसा होतो?

बहुतेक तक्रारी मारहाणीच्या किंवा लाचेच्या नसतात. अर्ज घेतला नाही, पोच दिली नाही, तासन्तास बसवून ठेवले, समोरच्या पक्षाची बाजू घेतली, उद्धट बोलले, अशा स्वरूपाच्या त्या असतात. यासाठी पहिली पायरी त्याच ठाण्याचे प्रभारी अधिकारी, दुसरी उपविभागीय पोलीस अधिकारी आणि तिसरी अलिबाग येथील जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय. अधीक्षक कार्यालयात आलेल्या अर्जाला आवक क्रमांक पडतो आणि तो चौकशीसाठी खाली पाठवला जातो, बहुतेकदा ज्या उपविभागात ते ठाणे आहे त्याच उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे. अर्जदाराला बोलावून जबाब घेतला जातो, संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागवला जातो आणि अहवाल वर जातो. ‘अर्जात तथ्य आढळून आले नाही’ हे वाक्य या अहवालांत इतके सरावाचे आहे की, त्याचा शिक्काच करून ठेवला असावा असे अर्जदाराला वाटू लागते.

यात दोष नेहमी हेतूचा असतो असे नाही. उपविभागीय अधिकाऱ्याला त्याच ठाण्याकडून रोज काम करून घ्यायचे असते. बंदोबस्त, सण, पर्यटकांचे लोंढे, मंत्र्यांचे दौरे हे सगळे त्याच मनुष्यबळावर निभावायचे असते. त्याने आपल्याच हवालदाराविरुद्ध निष्पक्ष न्यायाधीशाच्या भूमिकेत शिरावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. वर, रस्त्यावरच्या बाचाबाचीला अनेकदा साक्षीदार नसतो. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो आणि अर्ज दप्तरी दाखल होतो.

चौकशीत तथ्य आढळले तर?

तर ‘कसुरी अहवाल’ तयार होतो. किरकोळ कसूर असेल तर समज किंवा सक्त ताकीद दिली जाते. गंभीर असेल तर प्राथमिक चौकशीनंतर विभागीय चौकशी लागते. तिला मुंबई पोलीस (शिक्षा व अपील) नियम, १९५६ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ व २६ चा आधार आहे. दंड, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सेवेतून काढून टाकणे, बडतर्फी अशी शिक्षांची उतरंड आहे. अधीक्षकांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध कर्मचारी कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे अपील करू शकतो. तेथेही दाद मिळाली नाही तर पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

बातम्यांत वारंवार दिसणारे ‘तडकाफडकी मुख्यालयात जमा’ किंवा ‘नियंत्रण कक्षाशी संलग्न’ हे शब्द मात्र शिक्षेचे नाहीत. ती बदली असते. निलंबनसुद्धा शिक्षा नसून चौकशी होईपर्यंतची व्यवस्था असते. लोकांचा राग शांत करायला या दोन्हींचा उपयोग होतो. काही महिन्यांनी तोच कर्मचारी दुसऱ्या ठाण्यात रुजू झालेला दिसला की लोकांना फसवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात चौकशी सुरू असू शकते किंवा तो निर्दोष ठरलेलाही असू शकतो. कोणी सांगत नाही, हीच अडचण आहे.

कारण विभागीय चौकशीत तक्रारदार हा पक्षकार नसतो, साक्षीदार असतो. जबाब दिला की त्याचे काम संपले. चौकशी कर्मचारी आणि त्याचा मालक, म्हणजे शासन, यांच्यातली मानली जाते. माहिती अधिकारात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारता येते. पण कर्मचाऱ्याला कोणती शिक्षा झाली, कारणे दाखवा नोटीस काय होती, याचे तपशील बहुतेकदा नाकारले जातात. त्याला आधार सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील निकालाचा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या या प्रकरणात न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्याचे सेवाविषयक अभिलेख ही ‘वैयक्तिक माहिती’ ठरवली. व्यापक जनहित दाखवता आले तर ती देता येते, परंतु ते दाखवण्याचे ओझे अर्जदारावर पडते.

गुन्हाच नोंदवून घेतला नाही तर?

ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ‘झिरो एफआयआर’ला कायद्याचा आधार दिला. म्हणजे घटना काशीदला घडली आणि पर्यटक पुण्याला परतला, तर तो तेथेही गुन्हा नोंदवू शकतो. ऑनलाइन माहिती दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत मात्र उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे. ‘चौकशी सुरू आहे’ या उत्तराला त्यामुळे एक कायदेशीर कवच मिळाले.

ठाण्याने नकार दिला तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांना पाठवायची आणि तेथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे, हा क्रम कायद्यातच आहे. अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोच नसेल तर न्यायालयात अर्ज तेथेच लंगडा पडतो. महिलांवरील ठरावीक गंभीर गुन्ह्यांत नोंद करण्यास नकार देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार स्वतंत्र गुन्हा असून त्याला सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आहे.

किनारपट्टीवर या नकाराला एक खास रूप आहे, ते जमिनीचे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात जमिनींचे भाव वाढले तसे कुळकायदा, बनावट मुखत्यारपत्रे, हद्दी, वहिवाटीचे रस्ते यांवरून वाद वाढले. ठाण्यात गेले की ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे उत्तर मिळते. ते अनेकदा बरोबरही असते. पण बनावट कागद, धमकी, रातोरात कुंपण तोडणे यात फौजदारी भाग असतोच आणि तो वेगळा काढून नोंदवण्याची जबाबदारी पोलिसांची असते. दुसऱ्या बाजूला, एलईडी दिव्यांची मासेमारी किंवा खाडीतला वाळूउपसा थांबत नाही म्हणून पोलिसांच्या नावाने जो राग निघतो, त्यातला मोठा हिस्सा मत्स्यव्यवसाय आणि महसूल विभागाच्या वाट्याचा आहे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज पुढे पाठवण्यात महिने जातात.

स्वतंत्र यंत्रणा नाहीच का?

आहे, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. त्यातला एक होता पोलीस तक्रार प्राधिकरणांचा : राज्य पातळीवर एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक. जिल्हा प्राधिकरणाच्या प्रमुखपदी निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावेत आणि प्राधिकरणाची शिफारस संबंधितांवर बंधनकारक असावी, असे न्यायालयाने म्हटले होते.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली; पण दोन ठिकाणी या निर्देशांना मुरड घातली. पहिली, जिल्ह्याऐवजी महसूल विभागाच्या पातळीवर प्राधिकरणे ठेवली. त्यामुळे रायगडचे प्राधिकरण अलिबागला नाही. ते संपूर्ण कोकण विभागाचे आहे. दुसरी मुरड अधिक महत्त्वाची : प्राधिकरण शिक्षा देत नाही, ते शासनाला अहवाल देते. शासनाने त्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे किंवा दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवण्यासाठी अहवाल ठाण्याकडे पाठवणे अपेक्षित असते. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे देऊन, अहवाल नाकारण्याची मुभा शासनाने स्वतःकडे ठेवली आहे. कायदा २०१४ चा, पण राज्य प्राधिकरणाचे काम प्रत्यक्षात सुरू व्हायला २०१७ साल उजाडले.

तरीही हा दरवाजा इतरांहून वेगळा आहे. पोलीस कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा त्याचा प्रयत्न, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर या तक्रारी येथे करता येतात. वरिष्ठ पोलीस निरीक्षक दर्जापर्यंतच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणे विभागीय प्राधिकरणाकडे, तर उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांची मुंबईतील राज्य प्राधिकरणाकडे जातात. पीडित व्यक्ती, तिचे कुटुंबीय किंवा तिच्या वतीने कुणीही अर्ज करू शकते. प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सुनावणीत दोन्ही बाजू समोरासमोर येतात. तक्रारदार येथे निव्वळ साक्षीदार राहत नाही, हा मोठा फरक.

अडचण अंतराची आहे. श्रीवर्धनहून अलिबागलाच जायचे तर शंभरावर किलोमीटरचा रस्ता, नाहीतर दिघीहून आगरदांड्याला खाडी ओलांडून मुरूड-रेवदंडामार्गे प्रवास. विभागाच्या मुख्यालयापर्यंत, म्हणजे नवी मुंबईपर्यंत, प्रत्येक तारखेला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि भाडे वेगळे. उपनिरीक्षकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या म्हसळ्याच्या रिक्षाचालकाला तीन तारखा परवडतील, दहा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘जिल्हा’ हा शब्द वापरला होता तो अशांसाठी.

प्रभावशाली माणसाची तक्रार वेगळ्या वाटेने जाते?

अलिबागने याचे उदाहरण देशभर गाजलेले पाहिले आहे. मे २०१८ मध्ये अलिबागजवळच्या कावीर येथे एका अंतर्रचनाकाराचा आणि त्याच्या आईचा मृत्यू झाला. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या गुन्ह्याचा तपास २०१९ मध्ये ‘अ’ समरी अहवालाने बंद झाला. तपास नीट झाला नाही, ही कुटुंबीयांची तक्रार अखेर मे २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यापर्यंत पोहोचली आणि फेरतपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिल्याचे त्यांनी जाहीर केले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी पत्रकार अर्णब गोस्वामी यांना या प्रकरणात रायगड पोलिसांनी अटक केली, तेव्हा तक्रारीची दिशा उलटली. अटकेच्या वेळी पोलिसांनी धक्काबुक्की केल्याचा आरोप गोस्वामी यांनी अलिबागच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केला. ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला.

त्या प्रकरणातले राजकारण बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. एकाच गुन्ह्यात पोलिसांविरुद्ध दोन तक्रारी होत्या, दोन विरुद्ध बाजूंच्या. एक मंत्रालयात सुटली, दुसरी न्यायालयात मांडली गेली. मधली जी यंत्रणा नागरिकांसाठी म्हणून उभी केली आहे, तिची चर्चाही या गदारोळात कोठे झाली नाही. मंत्र्यापर्यंत किंवा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ताकद नसलेल्यांसाठीच ती यंत्रणा असते, आणि तिची दुबळी अवस्था म्हणूनच बातमीचा विषय होत नाही.

पुरावा कसा टिकवायचा?

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष अशा सर्व ठिकाणी सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रीकरण १८ महिने, किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर आहे. ठाण्यात गैरवर्तन झाल्याचा दावा असेल तर घटनेची तारीख आणि वेळ नमूद करून चित्रीकरण जतन करण्याची मागणी अर्जातच आणि लगेच करणे महत्त्वाचे ठरते. उशीर झाला की ‘बिघाड होता’ हे उत्तर खोडून काढणे कठीण. पोलीस ठाणे हे शासकीय गोपनीयता कायद्यातले ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तेथे मोबाइलवर चित्रीकरण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

डी. के. बसू प्रकरणापासून (१९९६) अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल असे नाव असणे सक्तीचे आहे. नाव किंवा बक्कल क्रमांक, गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण एवढे चार तपशील असलेला अर्ज आणि ‘एका पोलिसाने मला शिवीगाळ केली’ एवढाच मजकूर असलेला अर्ज यांचे भवितव्य वेगळे असते. निनावी अर्ज सहसा दप्तरी दाखल होतात. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नोंद हवी.

बाकीचे मार्ग थोडक्यात : लाच मागितली असेल तर पोलीस ठाण्याऐवजी थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४, आणि तेही पैसे देण्याआधी, कारण सापळा आधी लागतो. मानवी हक्कांचे उल्लंघन असेल तर राज्य मानवी हक्क आयोग. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत. वागणुकीच्या किंवा दिरंगाईच्या तक्रारीसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळ. तेथे अर्जाला क्रमांक पडतो, हाच त्याचा मुख्य फायदा. चौकशी अखेर त्याच उपविभागाकडे जाते. चुकीच्या ई-चलनाची तक्रार, जी शनिवार-रविवारी अलिबागला येणाऱ्या मुंबईकरांची आवडती तक्रार आहे, वाहतूक पोलिसांच्या ॲपवर करता येते.

एक गोंधळ येथे नेहमी होतो. उरण आणि पनवेल हे तालुके रायगड जिल्ह्यात असले तरी तेथील पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत आहेत. उरणच्या पोलिसाविरुद्धचा अर्ज अलिबागला दिला तर तो फक्त पुढे पाठवला जातो.

पोलिसांची बाजू काय?

तक्रार हे हत्यारही असते. गुन्हा दाखल झाला की तपास अधिकाऱ्यावर आरोप करून त्याला तपासातून हटवण्याचा प्रयत्न, अवैध धंद्यावर छापा पडला की दुसऱ्या दिवशी अर्ज, गावातल्या दोन गटांच्या भांडणात दोघांकडूनही ‘पोलीस त्यांचे ऐकतात’ असा आरोप, हे ठाण्यांना नित्याचे आहे. एक विभागीय चौकशी प्रलंबित असली तरी पदोन्नती अडते, आणि चौकशा वर्षानुवर्षे चालतात. निर्दोष सुटलेल्या हवालदाराची मधली वर्षे परत मिळत नाहीत. जाणीवपूर्वक खोटी माहिती देऊन सरकारी अधिकाऱ्याकरवी दुसऱ्याला त्रास देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. फौजदारी खटल्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते हे संरक्षणही पोलिसांना आहे. नव्या संहितेने त्याला १२० दिवसांची मुदत घातली. मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते.

म्हणजे संथ, बंद दाराआडची चौकशी तक्रारदाराइतकीच प्रामाणिक पोलिसालाही महागात पडते. स्वतंत्र यंत्रणेने पटकन निकाल दिला तर ‘तथ्य नाही’ या शब्दांना वजन येईल. वरिष्ठांनीच दिलेली निर्दोषत्वाची पावती गावात कोणी खरी मानत नाही.

आणि शाबासकी?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा झाडे तोडून रस्ते मोकळे करण्यात, लोकांना सुरक्षित जागी हलवण्यात पोलीस होते. दर पावसाळ्यात समुद्रात ओढल्या गेलेल्या पर्यटकांना जीवरक्षक, स्थानिक आणि पोलीस मिळून बाहेर काढतात. हरवलेला मोबाइल शोधून देणारे, घरातून निघून गेलेल्या वृद्धाला रात्री घरी पोहोचवणारे शिपाईही असतात. लोक आभार मानतात, तेही तोंडी. फार तर शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतात आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतो.

सेवाभिलेखात यातले काहीच जात नाही. तेथे जाते ते फक्त कागदावर आलेले. पोलीस अधीक्षकांना रोख बक्षीस आणि प्रशस्तिपत्र देण्याचे अधिकार आहेत आणि त्याची नोंद कर्मचाऱ्याच्या सेवाभिलेखात होते. दरवर्षी महाराष्ट्र दिनी प्रदान होणाऱ्या पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हासाठीही एक निकष १५ वर्षांच्या उत्तम सेवाभिलेखाचा आहे. शिक्षेची नोंद मात्र आपोआप होते. वीस वर्षांच्या नोकरीत दोन कसुरी आणि शून्य प्रशंसापत्रे असा कागद तयार होतो आणि माणूस त्यावरून मोजला जातो. नागरिकाने अधीक्षकांच्या नावे, कर्मचाऱ्याचे नाव, बक्कल क्रमांक, तारीख आणि नेमके काम लिहून दोन ओळींचे पत्र दिले तर बक्षिसाचा प्रस्ताव पाठवायला वरिष्ठांना आधार मिळतो. अमेरिकेतील अनेक शहरांचे पोलीस विभाग तक्रार आणि प्रशंसा दोन्हींसाठी शेजारी शेजारी नमुने ठेवतात. आपल्याकडे पोलीस ठाण्यात तक्रारपेटी दिसते, आभारासाठी वेगळी सोय सहसा नसते.

प्रशंसेतही धोका आहे, हे मान्य करायला हवे. हॉटेल व्यावसायिक, वाळूवाले किंवा राजकीय कार्यकर्ते यांनी नव्या ‘साहेबां’च्या अभिनंदनाचे फलक लावणे हा प्रशंसेचा प्रकार नव्हे. शासकीय कर्मचाऱ्याने आपल्या गौरवाचे जाहीर समारंभ परवानगीशिवाय स्वीकारू नयेत, असे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सांगतात. रुजू झाल्याच्या आठवड्यात होणारा सत्कार हा केलेल्या कामाचा नसतो.

बदल कोठे शक्य आहे?

जिल्हा प्राधिकरण हा सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निर्देश आहेच. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल आणि निवृत्त न्यायाधीश, कर्मचारी, जागा यांचा खर्च करावा लागेल. तोवर दोन गोष्टी विधिमंडळाशिवायही होऊ शकतात. विभागीय प्राधिकरणाने महिन्यातून ठरावीक दिवशी अलिबाग किंवा माणगावला बैठक घेणे किंवा तक्रारदाराला तालुक्याच्या न्यायालयातून दूरदृश्य प्रणालीने हजर राहू देणे; न्यायालये हे करोनाकाळापासून करत आली आहेत. आणि अधीक्षक कार्यालयाने एका ठाण्याविरुद्धची तक्रार दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे चौकशीला देणे. श्रीवर्धनचा अर्ज रोह्याच्या अधिकाऱ्याने हाताळायला शासन निर्णयाची गरज नाही. अधीक्षकांची एक सही पुरते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २०१८ पासून काम करणारे पोलीस वर्तनाचे स्वतंत्र कार्यालय गंभीर प्रकरणांचा तपास स्वतःच्या तपासनिसांकडून करून घेते. स्थानिक पोलिसांनी निकाली काढलेल्या तक्रारीचा निकाल पटला नाही तर फेरविचार मागण्याचा हक्कही तेथे तक्रारदाराला आहे. निकाल काय लागला आणि का, हे त्याला लेखी कळवले जाते. अलिबागच्या अर्जदाराला आज एक आवक क्रमांक मिळतो, एकदा जबाबासाठी बोलावणे येते आणि पुढचे कळण्यासाठी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.